अकरा मेंढ्या आन माझा अंगठा

पोलिसाचं आन कोर्टाचं काम कसं चालतं हे कोनाला समजून घ्यायचं असंल, तर वकिलाकडं जायची गरज न्हाई. मला इचारा. वकील पुस्तकातून शिकतो. मी त्या समद्या पायऱ्यांवर एकेकदा घसरून पडलो, म्हणून मला पायऱ्या पाठ हायेत. शाळेत मी दुसरीपोत्तर गेल्तो, तिथून बापानं उचलून मेंढरामागं लावलं. सही येती मला, पन दर टायमाला येगळी येती. म्हणून बँकवाल्यानंच सांगितलं, मामा, तुमी आपला अंगठाच करत जा. आता हे मी बोलून राह्यलो आन लेक लिहून घेती. मधी मधी ती म्हणती, बापू, हे नका सांगू लोकांला. तिनं नका म्हणलं का मी तेच पयलं सांगतो.

आमचं गाव हसनाबादच्या बाजूला. वस्ती मेंढरंवाल्यांची. निम्म्यांनी आता शेती धरली, निम्मे रोजानं जातेत. मी दुसऱ्याच्या मेंढ्या कातरायला जातो. माझ्या सोताच्या कवाच संपल्या, कारण मी बांधावर गप्पा मारत बसायचो आन त्या लोकांच्या हरभऱ्यात शिरायच्या. गावात माझी वळख एकच, टिंगलखोर. मयतीच्या घरी सुद्धा मला मागं बसवतेत. पुढं बसवलं तर मी कोनाला तरी हसवतो, आन मंग रडणाऱ्याची पंचाईत व्हती.

माझा एक चुलत भाऊ हाय, माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याची शंभर-सव्वाशे मेंढरं. हिवाळ्यात एका सकाळी दादा उठला तर वाघूर कापलेली. वाघूर म्हणजी मेंढरं बसवायची जाळी. मोजलं तर अकरा मेंढ्या कमी. दादा तसाच ठाण्याला गेला, फिर्याद दिली. पोलिसांनी इचारलं, कोनावर संशय? दादानं लगेच सांगितलं. दिवाळीपोत्तर त्याच्याकडं मेंढरावर एक सालगडी व्हता. लांडग्यानं एक कोकरू नेलं म्हणून दादानं त्याला चार मानसात लई बोललं, आन तो काम सोडून गेल्ता. दादा म्हणला, वाघूर कुठून कापायची, कुत्रं कसं गप करायचं, हे त्यालाच माहीत.

एवढ्यावर त्याला उचललं. दुसऱ्या दिवशी कोर्टापुढं उभा केला. तिथं मला पयली पायरी समजली. पोलीस मानूस धरतेत, पन आपल्या मर्जीनं ठेवून घेत न्हाईत, एका दिवसाच्या आत त्याला जजापुढं न्यावंच लागतं. जजानं दोन दिवस पीसीआर दिला. पीसीआर म्हणजी मानूस पोलिसाकडंच राह्यचा, इचारपूस कराया. मंग एमसीआर व्हतो, म्हणजी जेलात. आमच्या गावात हे दोन शब्द आता बारक्या पोरीला बी येतेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यासमोरच्या हाटेलात बसलेलो. खरं म्हणजी बसलेलो न्हाई, उभा व्हतो, आन जमादार साहेब कसे चालतेत ते करून दाखवून राह्यलो व्हतो. पोट पुढं, दोन्ही हात मागं, मान जरा तिरपी. लोकं लई हसले. मंग एकदम हसायचे बंद झाले. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून मी आजून जोरात केलं. वळून पाह्यलं तर मागं जमादार.

ते म्हणले, "चला मामा, गाडीत बसा."

मागं धरलेले दोन्ही हात मी पुढं आणून जोडले. मी म्हणलं, साहेब, गमतीत केलं. ते म्हणले, पंच पाहिजे, दोन मानसं लागतेत, एक भेटला, दुसरे तुमी. आता ज्या मानसाला वाटलं का आपल्याला आत टाकायला नेऊन राह्यले, त्याला पंच व्हय म्हणलं तर तो काय बी व्हतो. फिर्यादी माझा चुलत भाऊ हाय हे त्यांनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. ही दुसरी पायरी. पंच म्हणजी कोन? पोलीस जवा एखादी वस्तू जप्त करतेत, तवा बाहेरची दोन मानसं डोळ्यानं बघायला ठेवतेत. पोलिसानं खोटंनाटं करू नाही म्हणून. म्हणजी पोलिसावर नजर ठेवायला मला नेलं, आन मी गाडीत बसल्यापासून साहेबाला खुश करायच्या मागं.

मला पुढं डायवरजवळ बसवलं. मागं जमादार, एक शिपाई, दुसरा पंच म्हणून एक रिक्षावाला, आन मधी तो सालगडी. आता त्याला आरोपी म्हणायचं. त्यानं मेंढ्या दाखवतो म्हणून कबूल केलं, असं जमादार म्हणले. त्या कबुलीचा एक शब्द बी तो माझ्यासमोर बोलला न्हाई. त्याचं शेत म्हणजी रस्त्यापासून दोन बांध आत, तिथं त्याचं पत्र्याचं शेड. त्याच्या मागं गायरान. गाडी रस्त्यावर थांबली. समदे उतरले. रिक्षावाला मोबाईलवर बोलत बांधावरच राह्यला. आन मी?

मी गाडीतून उतरलोच न्हाई. समोरून आमच्या गावची यष्टी येऊन राह्यली व्हती. म्हणलं, लोकांला दिसू द्या आपन पोलीस गाडीत पुढं बसलेलो. उतरलो असतो तर नुसता रस्त्याच्या कडंला उभा मानूस दिसलो असतो, त्यात काय मजा. यष्टी जवळ आली, म्या खिडकीतून सलाम ठोकला. दोन-तीन बायांनी पाह्यलं. एकीनं तोंडावर पदर धरला. मंगच्याला कळलं, गावात तेवढ्या टायमात बातमी झाली व्हती का मला पोलिसांनी धरलं.

यष्टी गेली तोवर मेंढ्या रस्त्यावर. शिपाई हाकलत आणून राह्यला व्हता, अकराच्या अकरा. त्या शेडातून निघाल्या का गायरानातून, का आभाळातून पडल्या, मला काय ठाऊक. मी उतरलो. मेंढी दिसली का माझा हात आपोआप पाठीवर जातो, लोकर किती झाली बघायला. हात घातला तर ओला. दुसरीवर घातला, ओला. समद्या पाठी दवानं भिजलेल्या, वरची लोकर पार चिकटलेली. पोटाला कुसळ हे एवढं.

जमादार बोनेटवर कागद ठेवून लिहून राह्यले व्हते. तेवढ्यात परत गाडीत बसवलेला तो सालगडी मला म्हणला, "मामा, पाठी बघा ना मेंढ्यांच्या."

त्याला काय म्हणायचंय ते मला त्याच घडीला कळलं. कळलं न्हाई म्हणलं असतं तर आज बरं वाटलं असतं. सहा महिने मेंढरं राखलेला मानूस, मेंढराच्या पाठी वाचनाऱ्या मानसाला सांगून राह्यला व्हता. बंद शेडातली मेंढी दवानं भिजत न्हाई. ह्या मेंढ्या उघड्यावर बसलेल्या व्हत्या, आन उघड्यावर त्या कोनी बी सोडल्या असत्या. जमादार बघून राह्यले व्हते, शिपाई बघून राह्यला व्हता. आन मला काय सुचावं? मी म्हणलं, "त्यांच्या पाठीचं बघू मंग. पयलं तुझ्या पाठीचं काय व्हतं ते बघ."

जमादार हसले. शिपाई तर गुडघ्यावर हात ठेवून हसला. मला लई बरं वाटलं. तो गाडीत मान खाली घालून बसला.

तरी म्या साहेबाला एकदा म्हणलं, ओल्या हायेत मेंढ्या. ते म्हणले, थंडीत ओल्या न्हाई तर काय कोरड्या राह्यत्यान, अंगठा लावा. कागद वाचून दाखवला, पन इतक्या जल्दीत का लग्नात घाईचा भटजी बी तसा वाचत न्हाई. त्याच्यात व्हतं का आरोपी पुढं चालला, पंच मागं चालले, आरोपीनं सोता शेडाची कडी काढली, आतून अकरा मेंढ्या पंचांसमोर काढून दिल्या. बराबर? मी म्हणलं, बिलकुल बराबर. तीन कागदावर तीन अंगठे. जमादार वाईट मानूस न्हाई. त्यांना वर साहेबाला सांगायचं व्हतं का माल सापडला, आन मला हाटेलात सांगायचं व्हतं का माझ्यामुळं सापडला. दोघांचं काम झालं.

मेंढ्या दादाला परत भेटल्या, सुपूर्दनाम्यावर. म्हणजी कागदावर त्या कोर्टाचा मुद्देमाल, राखायच्या दादानं. तो सालगडी तिकडं जेलात गेला.

आठ दिवसांनी त्याची बायको माझ्या दारात आली. जामीन मंजूर झाल्ता, पन जामीनदार लागतो. जामीनदार म्हणजी ज्याच्या नावावर सातबारा हाय असा मानूस, जो म्हणतो का हा पळून गेला तर मी जिम्मेदार. तिच्या माहेरी जमीन न्हाई, सासरी ती दोन बांध आतली, ती बी सासऱ्याच्या नावावर आन सासरा वारलेला, फेरफार झालेला न्हाई. ती म्हणली, भाऊ, तुमच्या नावावर दीड एकर हाय, तुमी त्या दिवशी तिथं व्हते, तुमाला माहीत हाय. तिच्या मुकादमाची टोळी अंकुशनगरला ऊसतोडीला निघून राह्यली व्हती. ऊसतोडीला जोडपं घेतेत, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतेत. नवरा जेलात म्हणजी तिचा कोयताच न्हाई.

मी तिला म्हणलं, मी पंच हाय, मला असं करता येत न्हाई, कायदा हाय. कायदा मला काय माहीत व्हता? मी भ्यालो व्हतो दादाला. ती गेली. माझ्या बायकोनं चुलीपुढून नुसतं पाह्यलं माझ्याकडं आन भाकरी थापत राह्यली. त्या दिवशी तिनं मला जेवायला बस म्हणलं न्हाई, म्या बी इचारलं न्हाई. अडीच महिन्यानं कोनीतरी लांबचा पाव्हणा उभा राह्यला तवा तो सुटला. तोवर टोळी गेल्ती, मुकादमानं दुसरं जोडपं घेतलं व्हतं.

मंग पोलिसांनी कोर्टात दोषारोपपत्र दाखल केलं. लोकाला वाटतं आता निकाल. आता कुठं सुरुवात. तवापासून तारखा. वरसात चार-पाच तारखा, आरोपी हजर, म्हणजी त्याचा रोज बुडाला. पंचाला तारखेला जावं लागत न्हाई, त्याचा नंबर येईपोत्तर. म्हणून मी मोकळा. पन मी मोकळा म्हणजी कसा? मेंढी कातरायला धरली का पाठीवर हात जायचा आन मला ते गाडीतलं त्याचं तोंड दिसायचं. एक मेंढी अर्धी कातरून मी उठून रस्त्यापोत्तर चालत जायचो, परत यायचो. लोकं म्हणायचे, मामा, आज कात्री चालना का तुमी चालना. दोन-दोनदा मेंढ्यांला कात्री लागली. तीस वरसात मला असं झालं नव्हतं.

तीन वरसानं समन्स आलं. शिपाई कागद घेऊन दारात, मी मागच्या दारानं जुना जालन्याला. तिथं माझी बहीण हाय, दाजी धान्याच्या दुकानावर हमाल. मला वाटलं, कागद हातात घेतला न्हाई म्हणजी केस आपोआप मिटती. दाजीला सांगितलं, सहज आलो. सहज आलेला मानूस काय पाच दिवस राहतो? दिवसभर मी दुकानाच्या बोळीतून चकरा मारायचो, पोत्याच्या थप्पीमागं उभा राह्यचो. खाकी शर्ट दिसला का बोळ बदलायचो. एकदा तर कुरियरवाल्या पोराला बघून कापडाच्या दुकानात शिरलो, आन बाहेर निघायला बरं दिसंना म्हणून बहिणीला परकर घेतला.

सहाव्या दिवशी बायकोचा फोन. म्हणली, "अवो, आता समन्स न्हाई, वारंट आलंय. आन मी तुमचा पत्ता दिलाय."

मी म्हणलं, अगं तू माझी बायको हाय का पोलिसाची? ती म्हणली, बोळीचं नाव बी सांगितलं, त्यांना सापडायला सोपं जाईल. मंग जरा थांबून म्हणली, "त्या बाईला तुमी जे सांगितलं ते मी ऐकलं व्हतं. आता कोर्टाला काय सांगता ते बी मला ऐकू द्या."

तवा तिसरी पायरी कळली. समन्स म्हणजी या. वारंट म्हणजी आणतो. वारंटावर मला सोताला जामीन द्यावा लागला. माझा जामीनदार कोन? दादा. त्यानं एका शब्दावर कागदावर सही केली. घरी आल्यावर म्हणला, "कागदावर जे हाय तेच बोल. आपली मेंढरं हायेत." मी म्हणलं, हौ दादा.

कोर्टात गेलो तर जज रजेवर. पुढच्या तारखेला आरोपीचा वकील आला न्हाई. त्याच्या पुढच्या तारखेला लई मोठी केस चालली, आमचा नंबरच लागला न्हाई. एका तारखेला मी खोटं बोलायची तयारी करून जायचो, दुसऱ्या तारखेला खरं बोलायची. व्हरांड्यात उभा राहून राहून माझी चपलीची टाच झिजली. तो बी तिथंच, भिंतीला टेकून, बायको शेजारी डबा धरून. माझ्याकडं बघायचा न्हाई. मी दोनदा त्याच्यासमोरून पान्याच्या नळाला गेलो, तहान नसताना.

चौथ्या तारखेला पट्टेवाल्यानं पुकारा केला. मी एवढ्या मोठ्यानं हाजिर म्हणलं का आतली एक बाई दचकली. सरकारी वकिलानं सकाळीच मला पंचनामा वाचून दाखवला व्हता, म्हणला, हे पाह्यलंय ना तुमी, मंग तसं सांगा. पिंजऱ्यात उभा राह्यलो. जज मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या. शपथ दिली, देवासमोर खरं सांगेन. मला तिथं समजलं का घर, हाटेल, ठाणं, कुठं बी मी बोललो का कोनीतरी लगेच हसतं न्हाई तर शिवी देतं. इथं मी बोललो का एक जण खाली मान घालून टाइप करतो. लई येगळं वाटतं ते. आपलं बोलणं कोनीतरी ठेवून घेऊन राह्यलं.

सरकारी वकील म्हणला, आरोपीनं तुमच्यासमोर शेडाची कडी काढली, बराबर?

मागं बाकावर दादा बसलेला. मी त्याच्याकडं पाह्यलं, मंग पाह्यलं न्हाई. म्हणलं, "मी पाह्यलं न्हाई साहेब. मी गाडीतच व्हतो."

वकिलानं परत इचारलं. म्या परत तेच सांगितलं. वकील मॅडमला म्हणला, साक्षीदार फितूर झालाय, मला उलट प्रश्न इचारायची परवानगी द्या. फितूर म्हणजी आपल्याच बाजूनं आलेला मानूस दुसऱ्याच्या बाजूचं बोलला. मंग त्यानं मला सोललं. पंचनाम्यावर अंगठा कोनाचा? माझा. वाचून दाखवला का? दाखवला. तवा बराबर म्हणलं का? म्हणलं. म्हणजी आज खोटं बोलता का त्या दिवशी बोलले? मी म्हणलं, त्या दिवशी. कामून? मी म्हणलं, सवय हाय. मागं कोनीतरी हसलं. मॅडम हसल्या न्हाईत. वकील म्हणला, आरोपीनं तुमाला फोडलंय. मी म्हणलं, साहेब, तो माझ्याकडं बघत बी न्हाई.

मंग आरोपीचा वकील उठला. तो तयारी करून आल्ता का मी दादाचा चुलत भाऊ हाय म्हणून खोटं बोलतो. आता त्याची ती तयारी वाया गेली. त्यानं एवढंच इचारलं, मेंढ्या रस्त्यावर आल्या तवा तुमी काय पाह्यलं? मी म्हणलं, पाठी. समद्या पाठी दवानं ओल्या व्हत्या, पोटाला गायरानातलं कुसळ व्हतं. ह्या मेंढ्या उघड्यावर बसलेल्या.

मॅडमनं हात वर केला. म्हणल्या, "शेडापासून रस्त्यापर्यंत गवतातून चालत आल्या असतील. तेव्हा भिजल्या नसतील का?"

मी म्हणलं, "न्हाई ताई. गवतातून चाललं का पाय न् पोट भिजतं. पाठ आभाळाकडून भिजती."

ताई म्हणलं म्हणून पट्टेवाल्यानं डोळे वटारले. मॅडम मात्र टाइप करनाऱ्याला हळूहळू सांगत राह्यल्या, माझंच बोलणं, शुद्ध करून. ते ऐकताना मला वाटलं, हे एवढंच तर व्हतं. दोन वाक्यं. रस्त्यावर दोन वाक्यं बोलायला किती टाइम लागला असता? मॅडमनं शेवटी इचारलं, मंग तुम्ही गाडीतून का उतरला नाहीत? आन बघा, तिथं पिंजऱ्यात, शपथ घेऊन, मी म्हणलं, पायात काटा मोडला व्हता. ते बी टाइप झालं.

दोन तारखांनी निकाल लागला, निर्दोष सोडलं. मॅडमनं लिहिलं का मेंढ्या आरोपीच्या ताब्यातून निघाल्या हे शाबीत झालं न्हाई. दादा उठून निघून गेला. तवापासून त्यानं कातरणीला हसनाबादहून मानूस बोलावला. रस्त्यात भेटला तर मेंढराशी बोलतो, माझ्याशी न्हाई. त्याचं बी खोटं न्हाई. त्याच्या मेंढ्या कोनी नेल्त्या ते कधीच निघालं न्हाई. पोलिसांनी पुढं शोधलंच न्हाई, कारण आरोपी सापडला व्हता ना. तो माझ्या अंगठ्यानं सापडला व्हता.

मला वाटलं व्हतं, तो सालगडी बाहेर येऊन माझे हात धरील. मी त्यासाठी एक गंमत बी ठरवून ठेवली व्हती. तो आला, म्हणला, "मामा, हे तवा बोलले असते तर त्या दिवशी दुपारी मी घरी असतो." बायकोनं त्याला दंडाला धरून नेलं, यष्टी निघून राह्यली व्हती. गंमत माझ्या तोंडातच राह्यली.

त्या हंगामात ते दोघं अंकुशनगरला गेले. मला घरात बसवंना. एक दिवस मी बी गेलो, कारखान्याच्या मागं ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, म्हणजी पाचटाच्या झोपड्या, इचारत हिंडलो. ती भेटली. म्हणली, काय काम? मी म्हणलं, काही न्हाई, असंच. ती म्हणली, असंच कोन येतं ह्या चिखलात. पानी दिलं, पन बसा म्हणली न्हाई. तो उसाच्या फडावरून आला, काळा पडलेला, कोयता कोपीच्या दाराला लावला. म्या सांगितलं, काटा मोडला नव्हता, यष्टीतल्या लोकांला दिसावं म्हणून बसलो व्हतो. त्यानं ऐकून घेतलं. मंग म्हणला, ते जाऊ द्या. परवा आपल्याकडं कोनाची पान्याची मोटर गेली, तर ठाण्यातून मुकादमाला फोन आल्ता, हा तिथंच हाय का म्हणून. निर्दोष सुटलो तरी ठाण्याच्या वहीत माझं नाव हाय. येता का ठाण्यात माझ्यासंगं? तिथं बी सांगा.

गेलो. जुने जमादार बदलून गेल्ते. नवे साहेब तरणे. त्यांनी समदं ऐकलं, निकालाचा कागद वाचला. म्हणले, आता कायदा बदललाय मामा, आता जप्ती करताना मोबाईलवर शूटिंग घ्यावं लागतं. मी म्हणलं, तवा असतं तर माझा सलाम निघाला असता शूटिंगमध्ये. ते हसले, म्हणले, अर्ज द्या, मी वर पाठवतो, नाव काढणं माझ्या एकट्याच्या हातात न्हाई. त्याला लिहिता येत न्हाई, मला येत न्हाई. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात एका पोरीकडून लिहून घेतला. मी सुरुवातीपासून सांगाया लागलो तर तो म्हणला, मामा, जल्दी करा, दोनच्या यष्टीनं मला फडावर जायचंय.

अर्जावर शिक्का मारून एक प्रत त्याला दिली. त्यानंतर आमच्या भागात दोनदा चोरी झाली. पयल्या टायमाला त्याला कोनी बोलावलं न्हाई. दुसऱ्या टायमाला बोलावलं. त्यानं ठाण्याच्या बाकावरून मला फोन केला, म्हणला, बोलावलंय. मी कातरणी टाकून गेलो. कोनी काही इचारलं न्हाई, नुसतं बसवून ठेवलं. तो तिथं बसलेला, मी शेजारी. मी चार वेळा उठून दारापोत्तर गेलो, चार वेळा परत येऊन बसलो. शिपायानं इचारलं, तुमाला कोनी बोलावलं? मी म्हणलं, कोनी न्हाई.

उन्हं उतरल्यावर दोघांला जा म्हणले. समोरच्या हाटेलात म्या दोन चहा सांगितले. तिथं लोकं व्हते, वळखीचे, माझ्याकडं बघून राह्यले व्हते का आता मामा काहीतरी करून दाखवत्यान. मी काही केलं न्हाई. त्यानं उभ्या उभ्याच अर्धा चहा पिला, कप ठेवला आन म्हणला, परत बोलावलं तर कळवतो. मी म्हणलं, कळव.